लाल-निळ्या मफलरींची गाठ

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला फुटबॉलमधली ईर्षा म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल. ही नावं नुसती संघांची नाहीत. ती तालमींची आहेत, पेठांची आहेत, घराघरांची आहेत. माझे वडील एका तालमीचे आणि मामा दुसऱ्या तालमीचा. शाहू स्टेडियमवर या दोघांची गाठ पडली की त्या रात्री मामा आमच्याकडे जेवायला येत नसे. हरला तर तोंड कसं दाखवायचं म्हणून, आणि जिंकला तर वडिलांचा पडलेला चेहरा बघवत नाही म्हणून. पण वडील गेले त्या पहाटे, खांदा द्यायला मामाच्या तालमीतली पोरं सगळ्यांत आधी दारात उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं. वैर मैदानावरचं, मैताच्या दारात नाही, एवढं त्यांना न सांगता कळत होतं.

आज तुम्हाला अशाच एका खांद्याची गोष्ट सांगायची आहे. ती आपल्याकडची नाही. ती आहे इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या शहरातली.

या शहरात फुटबॉलचे दोन मोठे क्लब आहेत. एक एव्हर्टन, निळ्या रंगाचा. दुसरा लिव्हरपूल, लाल रंगाचा. एव्हर्टन थोरला, १८७८ सालचा. गंमत अशी, की आज जगभर लिव्हरपूलचं म्हणून ओळखलं जाणारं अॅनफिल्ड हे मैदान मुळात एव्हर्टनचं होतं. १८८४ पासून ते तिथं खेळत. मैदानाचं भाडं आणि क्लबचा कारभार यांवरून जॉन होल्डिंग नावाच्या बड्या असामीशी क्लबच्या इतर सभासदांचं बिनसलं. १८९२ साली एव्हर्टनची मंडळी सामानसुमान उचलून स्टॅन्ले पार्क नावाच्या बागेपलीकडं गुडिसन पार्कला गेली. मागं राहिलेल्या होल्डिंगसाहेबांकडं मैदान होतं, पण संघ नव्हता. मग त्यांनी नवा संघ काढला, तोच लिव्हरपूल. आपल्या भाषेत सांगायचं तर ही सरळसरळ भाऊबंदकी. मधे एक बाग आणि दोन्ही बाजूंना वाटणी झालेल्या भावांची घरं. एकशे तीस वर्षांहून अधिक काळ हे दोघे असे समोरासमोर राहिले. २०२५ साली एव्हर्टन गोदीकाठच्या नव्या मैदानावर गेला, तेव्हा कुठं हा शेजार सुटला.

भाऊबंदकी असली तरी भांडण घरातलंच होतं. एकाच घरात बाप निळा, मुलगा लाल. थोरली बहीण लाल, धाकटा भाऊ निळा, असं तिथं सर्रास असतं. १९८४ साली लीग चषकाच्या अंतिम सामन्यासाठी दोन्हीकडचे लोक लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर गेले, ते एकाच गाडीतून, एकमेकांच्या शेजारी बसून. पण पुढच्याच वर्षी या घरोब्याला मोठा तडा गेला. कसा, ते जरा पुढं सांगतो. त्याआधी १९८९ सालाकडं जाऊ.

१५ एप्रिल १९८९, शनिवार. शेफिल्ड शहरातलं हिल्सबरो मैदान. एफए चषकाचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. त्या काळी गोलच्या मागच्या बाजूला खुर्च्या नसत, उतरत्या पायऱ्या असत. लोक उभ्यानं सामना बघत. प्रेक्षकांनी मैदानात घुसू नये म्हणून पुढं उंच लोखंडी जाळी. आडवे सरकू नयेत म्हणून मधेही जाळ्या घालून कप्पे केलेले. थोडक्यात, माणसांना उभं करण्याची जागा, पण रचना कोंडवाड्याची.

लिव्हरपूलच्या लोकांना लेपिंग्ज लेन नावाच्या अरुंद बाजूनं आत सोडायचं ठरलं होतं. उभ्यानं सामना बघणाऱ्या दहा हजारांहून अधिक लोकांसाठी, एकेक माणूस आत सोडणारी फिरती लोखंडी दारं होती अवघी सात. सामना तीनला सुरू होणार. अडीचनंतर बाहेरची गर्दी इतकी दाटली, की दाराशी उभ्या असलेल्यांना श्वास घेणं कठीण झालं. पोलिसांचे प्रमुख होते डेव्हिड डकनफिल्ड. त्या पदावर येऊन त्यांना तीन आठवडेही झाले नव्हते. २ वाजून ५२ मिनिटांनी त्यांनी बाहेर पडण्याचा एक मोठा दरवाजा उघडायला सांगितलं. बाहेरची गर्दी सुटली. पण आत शिरलेल्या माणसाला समोर दिसत होता एक बोगदा, आणि तो थेट मधल्या दोन कप्प्यांत जात होता. ते कप्पे आधीच भरलेले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती. बोगद्याच्या तोंडाशी माणसं उभी करून लोकांना बाजूला वळवलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. तसं कुणी केलं नाही. सुमारे दोन हजार माणसं आत गेली. मागून येणाऱ्यांना पुढं काय चाललंय हे दिसत नव्हतं, आणि पुढच्यांना मागं फिरता येत नव्हतं.

सामना सुरू झाला. जाळीपाशी माणसं उभ्या उभ्या गुदमरत होती. काही जण जाळी चढून पलीकडं उड्या टाकू लागले, तर पोलिसांना वाटलं की ही हुल्लडबाजी आहे. ३ वाजून ६ मिनिटांनी पंचांनी सामना थांबवला. मग प्रेक्षकांनीच जाहिरातींचे फलक उखडले, त्यांचे स्ट्रेचर केले आणि माणसं उचलून नेली. त्या दिवशी ९४ जण गेले. काही दिवसांनी आणखी एक. १९९३ मध्ये, जवळजवळ चार वर्षं बेशुद्धीत काढून शहाण्णवावा. आणि त्या दिवशीच्या इजेमुळं २०२१ साली सत्त्याण्णवावा. सगळ्यांत लहान मुलगा होता दहा वर्षांचा. पुढं लिव्हरपूलचा कर्णधार झालेल्या स्टीव्हन जेरार्डचा तो भाऊ लागत होता. सगळ्यांत वयस्कर होते सदुसष्ट वर्षांचे.

बरोबर एका आठवड्यानं, २२ एप्रिलला, ३ वाजून ६ मिनिटांनी लिव्हरपूल, शेफिल्ड आणि नॉटिंगहॅम ही शहरं स्तब्ध उभी राहिली. आणि त्याच दिवशी त्या भाऊबंदांच्या मधल्या बागेत एक गोष्ट घडली. गुडिसन पार्कपासून अॅनफिल्डपर्यंत लोकांनी मफलरी एकमेकींना बांधत नेल्या. लाल मफलरीला निळी, निळीला लाल. तिकडच्या प्रेक्षकाची मफलर म्हणजे नुसतं थंडीचं कापड नव्हे. ती त्याची ओळख असते, आपल्याकडच्या फेट्यासारखी. बापानं दिलेली, सामन्या-सामन्याला गळ्यात घातलेली. ती काढून दुसऱ्या रंगाला गाठ मारायची, हे सोपं काम नाही. जवळजवळ मैलभर लांबीची ती साखळी बाग ओलांडून अॅनफिल्डच्या दारापर्यंत गेली. आत मैदानावर फुलांचा खच पडला होता, गोलपासून अर्ध्या मैदानापर्यंत. त्यात निळ्या टोप्या आणि निळ्या मफलरीही होत्या.

आता तो तडा सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय या गाठीचं मोल कळणार नाही.

२९ मे १९८५. ब्रुसेल्समधलं हेझल मैदान. युरोपियन चषकाचा अंतिम सामना, लिव्हरपूल विरुद्ध इटलीचा युव्हेंटस. सामन्याआधी लिव्हरपूलचे काही प्रेक्षक शेजारच्या भागातल्या लोकांवर चालून गेले. तिथं बहुतेक युव्हेंटसचे लोक होते. ते घाबरून मागं सरले, भिंतीपाशी दाटले, आणि भिंत कोसळली. ३९ माणसं मेली, त्यांतली ३२ इटलीची. मैदान मोडकळीला आलेलं होतं, बंदोबस्त ढिसाळ होता, हे खरं. पण चालून कोण गेलं, याचं उत्तरही स्वच्छ होतं. यानंतर इंग्लंडच्या सगळ्याच क्लबांना युरोपातल्या स्पर्धांत पाच वर्षं बंदी झाली, लिव्हरपूलला सहा.

एव्हर्टन त्या वर्षीचा इंग्लंडचा विजेता होता. आणखी एक युरोपियन चषक त्यानं दोनच आठवड्यांपूर्वी जिंकला होता. त्यांच्या इतिहासातला हा सर्वांत चांगला संघ. तो युरोपियन चषकात खेळूच शकला नाही, कारण काय, तर शेजाऱ्याच्या प्रेक्षकांनी केलेलं पाप. एव्हर्टनच्या लोकांच्या मनात ही सल खोल होती, आणि ती खोटी नव्हती. अजूनही जुने लोक ती बोलून दाखवतात.

म्हणजे १९८९ च्या एप्रिलमध्ये ज्या हातांनी निळी मफलर लाल मफलरीला बांधली, त्यांत असे कितीतरी हात होते, की ज्यांना "भोगा आपल्या कर्माची फळं" असं म्हणायला निमित्त होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही. मेलेल्या पोरांचा हेझलशी काय संबंध, हे त्यांना उमगलं.

आणि इटलीतल्या लोकांनी काय केलं? हिल्सबरोनंतर चारच दिवसांनी मिलान शहरात एसी मिलान आणि रेआल माद्रिद यांचा सामना होता. पंचांनी खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तो थांबवला, मृतांसाठी स्तब्धता पाळायला. तेव्हा मिलानच्या प्रेक्षकांनी लिव्हरपूलच्या प्रेक्षकांचं गाणं म्हणायला सुरुवात केली. हेझलमध्ये देशबांधव गमावून चार वर्षंही झाली नव्हती त्यांना. त्याच महिन्यात हेझलच्या खटल्यात लिव्हरपूलच्या १४ प्रेक्षकांना बेल्जियमच्या न्यायालयानं दोषी ठरवलं. एकाच महिन्यात हे शहर आपल्या मेलेल्यांसाठी रडत होतं आणि आपल्यांतल्याच काहींच्या अपराधाचा निकालही ऐकत होतं.

सामने पुन्हा सुरू झाले. लिव्हरपूलचा पहिला अधिकृत सामना ३ मे रोजी होता, आणि तो एव्हर्टनशीच, गुडिसन पार्कवर. बरोबरीत सुटला, शून्य-शून्य. २० मे रोजी एफए चषकाचा अंतिम सामना, पुन्हा हेच दोघे. तो मात्र असा रंगला, की बघत राहावं. एव्हर्टनचा बदली खेळाडू मॅक्कॉल यानं दोन गोल केले, लिव्हरपूलचा बदली खेळाडू इयान रश यानं दोन केले. जादा वेळेत लिव्हरपूल ३-२ असा जिंकला. कुणी कुणाला सामना सोडला नाही. मला यातलं हेच विशेष वाटतं. दुःखात सोबत करायची म्हणजे खेळात हरायचं, असा अर्थ त्यांनी काढला नाही. दोघेही जीव तोडून खेळले.

पण मित्रहो, मफलरी बांधून गोष्ट संपली असती, तर मी आज तुमच्यापुढं ती सांगत बसलो नसतो. कारण गेलेल्यांच्या घरच्यांवर पुढं जे आलं, ते मरणापेक्षा कमी नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी पोलीस प्रमुखांनी फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, की दरवाजा प्रेक्षकांनी जबरदस्तीनं उघडला. ते धादांत खोटं होतं. चार दिवसांनी 'द सन' या खपाच्या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर 'सत्य' असा मथळा देऊन छापलं, की लिव्हरपूलच्या लोकांनी मृतांचे खिसे कापले. तेही खोटं. त्या वर्तमानपत्रावर बहिष्कार पडला, तो फक्त लाल घरांत नाही, सबंध शहरात. निळ्या घरांतही ते येईनासं झालं. बहिष्कार तीस वर्षं उलटली तरी टिकला. २०१७ साली तर आधी लिव्हरपूलनं आणि मग एव्हर्टननं त्या वर्तमानपत्राच्या वार्ताहरांना आपल्या मैदानावर मज्जाव केला.

न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीनं १९८९ मध्येच सांगितलं होतं, की मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण चुकलं हे आहे. त्यांच्या शिफारशीमुळं इंग्लंडच्या मोठ्या मैदानांवर जाळ्या गेल्या आणि खुर्च्या आल्या. पण मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीत १९९१ साली निकाल आला, 'अपघाती मृत्यू'. त्या चौकशीत ३ वाजून १५ मिनिटांनंतर काय घडलं हे बघायचंच नाही, असं ठरवलं गेलं. म्हणजे त्यानंतर कुणाला वाचवता आलं असतं का, हा प्रश्नच उरला नाही. अॅन विल्यम्स नावाच्या आईचा पंधरा वर्षांचा मुलगा त्यात गेला होता. तो सव्वातीननंतर जिवंत होता, हे सिद्ध करण्यासाठी ती बाई पुढची वीस-बावीस वर्षं अर्ज करत, दारं ठोठावत राहिली.

आता पुन्हा निळा रंग येतो. १५ एप्रिल २००९, विसावा स्मृतिदिन. अॅनफिल्डवर हजारो लोक जमलेले. सरकारच्या वतीनं बोलायला उभे राहिले मंत्री अँडी बर्नहॅम. हे गृहस्थ लहानपणापासून एव्हर्टनचे. त्यांच्या भाषणात लोकांनी न्यायाच्या घोषणा सुरू केल्या. साऱ्या मैदानानं सूर धरला आणि मंत्रिमहोदयांना थांबावं लागलं. त्यांनी मान डोलावली, थांबून ऐकून घेतलं, आणि परत जाऊन सरकारकडं हा प्रश्न लावून धरला. त्यातून लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली. तिनं साडेचार लाखांच्या आसपास कागद तपासले. १२ सप्टेंबर २०१२ रोजी अहवाल आला. पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते. त्यांतल्या ११६ जबाबांतून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढून टाकला होता. आणि वेळेवर उपचार मिळते तर ४१ जण कदाचित वाचले असते.

यानंतर पाचच दिवसांनी गुडिसन पार्कवर एव्हर्टनचा न्यूकॅसलशी सामना होता. लिव्हरपूलचा त्याच्याशी काही संबंध नाही. सामन्याआधी मैदानात दोन लहान मुलं हातात हात घालून आली. एक मुलगी, एक मुलगा. एकाच्या अंगात लाल, एकाच्या अंगात निळा पोशाख. पाठीवर आकडे, एकावर ९, दुसऱ्यावर ६. तेव्हा मृतांचा आकडा ९६ होता. पडद्यावर त्या सगळ्यांची नावं सरकत गेली, आणि एव्हर्टनचं सारं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. पुढच्या वर्षी एव्हर्टनचे अध्यक्ष बिल केनराइट अॅनफिल्डवरच्या स्मृतिसभेत बोलायला उभे राहिले. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात जाऊन त्याच्या दुःखावर बोलायला अधिकार लागतो. तो एव्हर्टननं चोवीस वर्षांत कमावला होता.

अॅन विल्यम्स त्याच महिन्यात कर्करोगानं गेल्या. अंतिम निकाल त्यांना ऐकायला मिळाला नाही. तो आला २६ एप्रिल २०१६ रोजी, नव्या चौकशीतून. ज्युरींनी सांगितलं, की त्या ९६ जणांचा मृत्यू हा बेकायदा वध होता, आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात कोणताही वाटा नव्हता. सत्तावीस वर्षांनी. शिक्षा मात्र जवळजवळ कुणालाच झाली नाही. डकनफिल्ड २०१९ मध्ये निर्दोष सुटले. हिल्सबरो ज्या क्लबचं मैदान, त्याच्या तेव्हाच्या सचिवाला दारांच्या अपुऱ्या व्यवस्थेबद्दल साडेसहा हजार पौंड दंड झाला, एवढंच. सरकारी अधिकाऱ्यांना चौकशीत खरं बोलण्याची सक्ती करणारं विधेयक २०२५ साली ब्रिटिश संसदेत मांडलं गेलं. लोक त्याला 'हिल्सबरो कायदा' म्हणतात.

आता कुणी म्हणेल, ही सगळी चांगुलपणाची गोष्ट झाली. तशी ती नाही. ईर्षेचं दुसरं तोंडही आहे. लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड यांचं हाडवैर जुनं. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक विमानतळावर युनायटेडच्या संघाचं विमान कोसळलं. २३ माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. वर्षानुवर्षं लिव्हरपूलचे काही प्रेक्षक त्या विमानावरून गाणी म्हणत आले, आणि युनायटेडचे काही प्रेक्षक हिल्सबरोवरून. २०२३ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्याला एक माणूस पाठीवर ९७ हा आकडा आणि 'पुरेसे नाहीत' अशा अर्थाचे शब्द छापलेला शर्ट घालून आला. त्याला न्यायालयानं दंड केला आणि चार वर्षं मैदानात यायला बंदी घातली. त्याच वर्षी अशा घोषणांविरुद्ध तिथल्या फुटबॉल संस्थांना कडक पावलं उचलावी लागली.

हेही सांगायला हवं, की लिव्हरपूलला स्वतःचे ९७ जितके सहज आठवतात, तितके हेझलचे ३९ बराच काळ आठवत नव्हते. २००५ मध्ये हेझलनंतर प्रथमच युव्हेंटसशी सामना ठरला. तेव्हा अॅनफिल्डवर प्रेक्षकांनी हातातल्या कागदांनी 'मैत्री' हा इटालियन शब्द उभा केला. पाहुण्यांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या. काहींनी पाठ फिरवली. पाठ फिरवणाऱ्यांना दोष कसा द्यायचा? वीस वर्षं लागली होती हा शब्द यायला. आपल्या घरातले मेले, तर आठवण आपोआप येते. आपल्या हातून मेलेल्यांची आठवण मुद्दाम ठेवावी लागते.

आपल्या देशातही असा एक दिवस आहे. १६ ऑगस्ट १९८०, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. मैदानावर दोन खेळाडूंची जुंपली, दोघांना बाहेर काढलं, आणि गॅलरीत एकमेकांशेजारी बसलेल्या दोन्हीकडच्या लोकांत मारामारी पेटली. चेंगराचेंगरीत १६ जण गेले. दोन्ही रंगांचे. मन्ना डे यांनी त्यावर बंगालीत गाणं गायलं. पुढं बंगालच्या फुटबॉल संघटनेनं हा दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी रक्तदान होऊ लागलं. ज्या दिवशी रक्त सांडलं, त्या दिवशी रक्त द्यायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यातल्या एका तरुण डॉक्टरवर रुग्णालयातच अत्याचार होऊन तिचा खून झाला. शहर संतापलं. बंदोबस्ताच्या कारणानं या दोन संघांचा सामनाच रद्द केला गेला. तेव्हा १८ तारखेला दोन्ही क्लबांचे प्रेक्षक आपापले झेंडे घेऊन त्याच स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले, एकाच मागणीसाठी. मोहन बागानवाल्याच्या खांद्यावर ईस्ट बंगालवाला बसलेला सगळ्या देशानं पाहिला.

आणि आपण? १९९४ मध्ये नागपुरात ११४ गोवारी बांधव चेंगरून गेले. २००५ मध्ये मांढरदेवीला सुमारे तीनशे भाविक. २०१७ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ प्रवासी. २०२५ च्या जूनमध्ये बंगळूरच्या क्रिकेट मैदानाबाहेर, विजयाचा जल्लोष बघायला आलेले ११ जण. दरवेळी पहिलं वाक्य कानावर येतं, ते ठरलेलं असतं: गर्दी बेशिस्त होती. हिल्सबरोच्या माणसांना हेच वाक्य खोडून काढायला सत्तावीस वर्षं लागली. दारं किती होती, वाट कुठं जात होती, वळवायला माणूस का नव्हता, हे प्रश्न विचारायला घरचे लोक एकटे पुरत नाहीत. ते थकतात, म्हातारे होतात, अॅन विल्यम्ससारखे निकालाआधी जातात. शेजारी त्यांच्या बाजूनं उभा राहिला, तर तो प्रश्न एका घराचा राहत नाही, शहराचा होतो. आणि तो शेजारी प्रतिस्पर्धी असेल, तर त्याच्या साक्षीला वजन येतं. आपली माणसं आपली बाजू घेणारच, पण समोरचा घेतो तेव्हा जगाला ऐकावं लागतं.

म्हणून ईर्षा नको, असं मी म्हणणार नाही. ईर्षा नसेल तर फुटबॉल कसला? पोरांनी मैदानावर जावं, घसा बसेपर्यंत ओरडावं, हरल्यावर त्या रात्री जेवू नये. फक्त समोरच्या गॅलरीत बसलेलाही कुणाचा तरी मुलगा आहे आणि तो संध्याकाळी घरी पोचला पाहिजे, एवढं लक्षात ठेवावं.

वडिलांना पोचवून आल्यावर मामा ओट्यावर बसला होता. पुढच्या रविवारी सामना होता, आमच्या आणि त्याच्या तालमीचा. मी विचारलं, "मामा, जाणार का?" तो म्हणाला, "जायलाच पाहिजे की. भावजी असते तर गेले असते." आम्ही दोघे गेलो. बसलो मात्र वेगवेगळ्या बाजूंना.